बुटातील इनसोलची निवड: पावलांचा आराम आणि आरोग्य याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली घालायचा थर, घेण्याचा विचार बहुतेक जण पाय दुखू लागल्यावरच करतात, आणि शोध सुरू केला की जेल, मेमरी फोम, ऑर्थोपेडिक अशा शब्दांची इतकी गर्दी समोर येते की आपल्या पायासाठी यातले काय, हे ठरवणे अवघड होऊन बसते. पुढील उत्तरे त्या निवडीसाठी आहेत. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे किंवा ज्यांच्या पायावर न भरणारी जखम आहे, त्यांनी इतर काही वाचण्यापूर्वी मधुमेहाविषयीचे उत्तर वाचावे.

इनसोल पायासाठी नेमके काय करतो?

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनापेक्षा थोडा अधिक, तर धावताना वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. इनसोलमुळे हा भार नाहीसा होत नाही. तो तळव्याच्या किती भागावर विभागला जातो, यात मात्र फरक पडतो. सपाट जमिनीवर उभे राहिल्यास बहुतेकांचे वजन टाच आणि चवडा या दोन ठिकाणी एकवटते आणि मधल्या कमानीखाली पोकळी राहते. त्या पोकळीत योग्य उंचीचा आधार आला, की वजनाचा काही वाटा कमान उचलते आणि टाच व चवडा यांच्यावरचा दाब तेवढा हलका होतो.

टाचेभोवतीच्या खोल वाटीचे काम वेगळे आहे. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी असते. वजन पडले की ती कडेला पसरते आणि हाडाखालचा थर पातळ होतो. वाटीच्या भिंती तिला जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे शरीराचीच नैसर्गिक गादी अधिक उपयोगी पडते. इनसोल वापरल्याने कमान कायमची घडते किंवा हाडे सरळ होतात, हा समज मात्र सोडून द्यावा. जोवर इनसोल पायाखाली आहे, तोवरच त्याचा परिणाम आहे.

बुटासोबत आलेला सुखतळा पुरेसा नसतो का?

ज्यांचे पाय दुखत नाहीत त्यांना तो पुरतो. बहुतेक बुटांतील सुखतळा हा फोमचा पातळ, जवळजवळ सपाट तुकडा असतो. आतली शिवण पायाला लागू नये आणि घाम शोषला जावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. काही महिन्यांत तो टाचेखाली दबून कागदासारखा होतो. अनेकदा आधाराच्या इनसोलची गरज नसते. दबलेला सुखतळा बदलला तरी काम भागते.

मला इनसोलची गरज आहे की नवीन बुटाची?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि बहुतेकदा तो विचारला जात नाही. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. त्याचा मागचा भाग एका बाजूला कललेला असेल, किंवा तळ एकाच कडेला झिजला असेल, तर उत्तम इनसोलही त्या उताराबरोबर कलंडेल. मग बूट दोन्ही हातांनी धरून वाकवावा. तो चवड्याजवळ, म्हणजे बोटे जिथे वाकतात तिथे, वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल किंवा ओल्या कपड्यासारखा पिळला जात असेल, तर त्या बुटात आधार टिकणार नाही. टाचेच्या मागची भिंत अंगठ्याने दाबल्यावर सहज आत जाऊ नये.

अरुंद किंवा आखूड बुटात इनसोल घालणे हा सगळ्यांत वाईट उपाय आहे. आधीच चावणाऱ्या जोड्यात आणखी काही मिलिमीटर जाडी घातली की बोटांवर दाब वाढतो, नखे निळी पडतात आणि कुरूप वाढते. आणि दोष मात्र इनसोलला दिला जातो.

माझे तळवे सपाट आहेत. मला आधाराचा इनसोल वापरावाच लागेल का?

नाही. सपाट तळवा हा आजार नाही. असंख्य लोक सपाट तळव्यांनी आयुष्यभर विनातक्रार चालतात आणि धावतात. महत्त्वाचे आहे ते पाऊल लवचिक आहे की ताठर. आरशासमोर पाठमोरे उभे राहून चवड्यांवर उंच व्हावे, किंवा कोणाला तरी मागून पाहायला सांगावे. टाच उचलताच आतल्या बाजूला कमान दिसू लागली आणि टाच किंचित आत वळली, तर पाऊल लवचिक आहे. असे पाऊल दुखत नसेल तर त्याला काहीही करायचे नाही. दुखत असेल, किंवा संध्याकाळपर्यंत घोट्याच्या आतल्या बाजूला ओढ जाणवत असेल, तर मध्यम आधाराचा इनसोल वापरून पाहावा. कमान दिसलीच नाही, किंवा एका पायाच्या चवड्यावर उभे राहणेच जमले नाही, तर तपासणी आवश्यक आहे. विशेषतः प्रौढ वयात एकाच पायाची कमान गेल्या काही महिन्यांत खाली बसू लागली असेल, तर घोट्यामागून जाऊन कमानीला धरून ठेवणारा स्नायुबंध निकामी होत असण्याची शक्यता असते. त्यावर वेळेत उपचार झाले तर पाऊल वाचते. तेव्हा इनसोलचे प्रयोग करत वर्ष घालवू नये.

ओल्या पावलाच्या ठशावरून पायाचा प्रकार ओळखून त्याप्रमाणे खरेदी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ठसा पाहायला हरकत नाही, पण त्यावर फार विसंबू नये. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्ही दलांच्या प्रशिक्षणार्थींवर केलेले अभ्यास २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत काही जणांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले गेले, तर उरलेल्यांना आकार न पाहता सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांतील दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ते अभ्यास धावण्याच्या बुटांचे असले, तरी केवळ तळव्याचा ठसा पाहून इनसोल सुचवणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यावरून ठरवता येते.

लहान मुलांच्या सपाट पावलांसाठी इनसोल घ्यावा का?

मूल तक्रार करत नसेल तर घेऊ नये. लहान मुलांच्या तळव्यात चरबी अधिक असते आणि सांधे सैल असतात, त्यामुळे पाऊल सपाट दिसते. कमान साधारणपणे पहिल्या दहा वर्षांत हळूहळू घडत जाते. लवचिक सपाट पावलांच्या मुलांवर तीन वर्षे चाललेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशेष बूट व इनसोल वापरलेल्या आणि काहीही न वापरलेल्या मुलांच्या पावलांत अखेरीस फरक दिसला नाही. मूल पाय दुखतो म्हणून खेळायचे टाळत असेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा पाऊल ताठर असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ यांना दाखवावे.

माझी कमान उंच आहे. मला इनसोलचा उपयोग होईल का?

बहुधा अधिक होईल. उंच कमानीचे पाऊल सहसा ताठर असते, धक्का कमी शोषते आणि सगळे वजन टाच व चवडा यांच्यावर टाकते, म्हणूनच तिथे घट्टे पडतात. अशा पायासाठी कमानीला सर्व बाजूंनी टेकणारा, पण वर ढकलणारा नव्हे, असा आकार आणि वर धक्का शोषणारा थर हवा. तयार इनसोलमध्ये इतकी उंची अनेकदा मिळत नाही; माप घेऊन बनवलेल्या इनसोलचा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता ज्या थोड्या परिस्थितींत अधिक असते, त्यांपैकी ही एक आहे.

वेष्टनावर ‘आधार देणारा’ असे लिहिलेले असले तरी तो खरोखर आधार देतो हे कसे ओळखावे?

हाताने. इनसोल टेबलावर ठेवून कमानीचा उंचवटा अंगठ्याने जोरात दाबावा. तो पूर्ण सपाट होऊन टेबलाला टेकला, तर शरीराच्या वजनाखाली त्याचे काय होईल हे सांगायला नको. उंचवटा थोडा दबून थांबला पाहिजे. त्यानंतर टाचेचा भाग एका हातात आणि चवड्याचा भाग दुसऱ्या हातात धरून पिळावा. मधल्या भागात स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. अनेक चांगल्या इनसोलमध्ये टाचेपासून कमानीपर्यंत टणक प्लॅस्टिकची किंवा घट्ट फोमची पट्टी असते आणि पुढचा भाग मऊ व लवचिक ठेवलेला असतो, कारण बोटांना वाकायचे असते.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे उंचवट्याची जागा. बुटाचा क्रमांक टाचेपासून बोटांपर्यंतच्या लांबीवरून ठरतो, पण कमान कोठे संपते हे टाचेपासून अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतच्या अंतरावर ठरते. ज्यांची बोटे लांब आहेत त्यांचे हे अंतर बुटाच्या क्रमांकाच्या मानाने कमी असते, आणि योग्य क्रमांकाचा इनसोल घेऊनही आधार त्यांना पुढे टोचतो. इनसोलवर अनवाणी उभे राहावे. टाच वाटीत नीट बसलेली असताना चवड्याचा रुंद भाग इनसोलच्या रुंद भागावर आला पाहिजे आणि उंचवटा कमानीच्या मध्याखाली जाणवला पाहिजे. तो चवड्याच्या हाडाखाली किंवा टाचेच्या अगदी पुढ्यात टोचत असेल, तर तो इनसोल कितीही नावाजलेला असला तरी आपला नाही.

मऊ इनसोल चांगला की कडक?

हातात घेतल्यावर मऊ इनसोल नेहमीच जिंकतो, आणि दिवसअखेर बरेचदा हरतो. मेमरी फोम हा उष्णतेने आणि दाबाने हळूहळू खाली बसतो. पहिल्या पाच मिनिटांत तो पायाला सुखावतो, पण तासाभराने टाच जवळजवळ तळाला टेकलेली असते. जेलचे तसे नाही. ते लवकर दबून जात नाही आणि टाचेचा धक्का सौम्य करते, पण जड असते, त्यात पायाला घाम अधिक येतो आणि कमानीला आधार द्यायला त्याचा उपयोग नाही. इव्हीए हा हलका फोम वेगवेगळ्या घट्टपणात मिळतो आणि बहुतेक तयार इनसोल त्याचेच असतात. त्याचा दोष एवढाच की तो वापराने कायमचा दबत जातो. पॉलियुरेथेनचा फोम थोडा जड असला तरी अधिक काळ उसळी टिकवतो. कॉर्क सुरुवातीला कडक वाटतो आणि मग पायाच्या आकाराप्रमाणे थोडा बसतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा कार्बन फायबर हे स्वतः गादीचे काम करत नाहीत. ते आकार धरून ठेवतात आणि त्यांच्यावर मऊ थर चढवावा लागतो.

टणक पाया आणि वर पातळ मऊ थर ही रचना बहुसंख्य पायांना मानवते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. तरीही अंतिम कौल स्वतःच्या पायाचाच घ्यावा, आणि त्यामागे केवळ आवडनिवड नाही. कॅनडात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सैनिकांना वेगवेगळ्या आकाराचे व घट्टपणाचे सहा इनसोल दाखवून त्यांतला सर्वांत आरामदायक वाटेल तो निवडायला सांगितले होते. निवडी व्यक्तिपरत्वे बदलल्या, आणि स्वतः निवडलेला इनसोल वापरणाऱ्यांत पुढील चार महिन्यांत दुखापती व वेदना इनसोल न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळल्या. फक्त हा आराम दुकानातल्या दोन मिनिटांचा नसावा. निदान पंधरा-वीस मिनिटे चालून, जिना चढून-उतरून तो पारखावा.

सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच दुखते. कोणता इनसोल घ्यावा?

सकाळची पहिली पावले, किंवा बराच वेळ बसून उठल्यावर टाचेच्या तळाशी आतल्या बाजूला कळ येणे, हे प्लांटर फॅसायटिसचे ठळक लक्षण आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारी जाड पट्टी कमानीला ताणून धरते. तिच्या टाचेकडील टोकाशी ही वेदना असते. खोल टाचवाटी आणि कमानीखाली बऱ्यापैकी टणक आधार असलेला तयार इनसोल यासाठी पुरेसा आहे. केवळ टाचेखाली ठेवायची जेलची गादी काहींना बरे वाटायला पुरते, पण ती पट्टीवरचा ताण कमी करत नाही.

खर्चाच्या दृष्टीने एक अभ्यास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांना तीन गटांत विभागून एकाला माप घेऊन बनवलेले, दुसऱ्याला तयार टणक आणि तिसऱ्याला नाममात्र पातळ फोमचे इनसोल दिले गेले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांची हालचाल तिसऱ्यापेक्षा थोडी सुधारली होती, पण त्या दोघांत आपसांत फरक नव्हता. बारा महिन्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच होते. म्हणजे इनसोल बरे होण्याचा काळ सुसह्य करतो, आणि त्यासाठी महागडा घेण्याची गरज नाही.

त्याच्या जोडीला ताणाचे व्यायाम केलेच पाहिजेत. ते टाळून नुसत्या इनसोलवर भिस्त ठेवणे योग्य नाही. पलंगावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळव्यातील पट्टी ताणली गेली आहे का ते चाचपावे. दहा सेकंद धरून दहा वेळा करावे आणि दिवसातून तीनदा करावे. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायामही करावा. बहुतेकांची टाच वर्षभरात बरी होते, पण आठवडे लागतात, दिवस नव्हे.

चवड्याखाली आग होते, जणू मोज्यात खडा आहे असे वाटते. त्यासाठी काय करावे?

इथे कमानीच्या आधारापेक्षा चवड्याचा उंचवटा, ज्याला मेटाटार्सल पॅड म्हणतात, तो अधिक उपयोगी पडतो. थेंबाच्या आकाराची ही लहानशी गादी इनसोलवर चिकटवतात. लोक ती दुखऱ्या जागेखालीच चिकटवतात आणि दुखणे वाढवून घेतात. तिची जागा दुखऱ्या हाडांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला आहे. तिथून ती हाडांच्या दांड्यांना उचलते, म्हणजे पुढच्या टोकांवरचा भार कमी होतो आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या मज्जातंतूंना थोडी मोकळीक मिळते.

जागा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. चवड्याखाली जिथे सर्वांत जास्त दुखते तिथे बोटाने दाबून खात्री करावी आणि त्या बिंदूवर लिपस्टिकचा ठिपका लावावा. मग अनवाणी पायाने, बुटात ठेवलेल्या इनसोलवर उभे राहून दोन-चार पावले टाकावीत. इनसोल बाहेर काढला की त्यावर ठिपका उमटलेला दिसेल. गादीची पुढची कड त्या ठिपक्याच्या लगेच मागे येईल अशी ठेवावी. सुरुवातीला ती कायमची चिकटवू नये. दुहेरी चिकटपट्टीने लावून दिवसभर वापरावी आणि तीन-चार मिलिमीटर मागेपुढे करून पाहावी. एवढ्याशा सरकण्यानेही वेदनेत स्पष्ट फरक पडतो. बुटाची उंच टाच आणि टोकदार पुढचा भाग कायम ठेवून मात्र यातले काहीही फळणार नाही.

मापाप्रमाणे बनवलेले इनसोल तयार इनसोलपेक्षा नेहमीच चांगले असतात का?

वरील टाचदुखीच्या अभ्यासावरून उत्तर स्पष्ट आहे. नेहमीच्या तक्रारींसाठी आधी चांगला तयार इनसोल सहा ते आठ आठवडे वापरून पाहावा. मापाचा इनसोल लागतो तो पावलाचा आकार साध्या इनसोलमध्ये बसतच नसेल तेव्हा: फार उंच कमान, ताठर सपाट पाऊल, संधिवाताने विकृत झालेली बोटे, शस्त्रक्रियेनंतर बदललेले पाऊल किंवा मधुमेहाच्या जखमेचा इतिहास. तो पावलाची हालचाल, सांध्यांची लवचिकता आणि चाल तपासणाऱ्या ऑर्थोटिस्ट (शरीराला आधार देणारी साधने बनवणारे), पोडियाट्रिस्ट (पावलांचे तज्ज्ञ) किंवा तत्सम प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्यावा. दुकानातील दाब मोजणाऱ्या पाटावर काही सेकंद उभे राहून पडद्यावर लाल-निळे चित्र पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. टाच आणि चवडा यांच्याखाली लाल रंग जवळजवळ प्रत्येकाच्याच चित्रात येतो, आणि तो दाखवून घाबरवणे सोपे असते.

गुडघेदुखी आणि कंबरदुखी इनसोलने कमी होते का?

गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना होणाऱ्या वेदनेत तयार इनसोलने पहिल्या काही आठवड्यांत आराम मिळू शकतो. गुडघ्याच्या झिजेसाठी पूर्वी बाहेरच्या कडेला उंच असलेले इनसोल सुचवले जात; साध्या सपाट इनसोलशी तुलना केल्यावर त्यांचा विशेष फायदा दिसला नाही, आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ते न वापरण्याकडे कल दर्शवला. इनसोल वापरल्याने कंबरदुखी टळते, या दाव्याला संशोधनाचा आधार नाही.

मधुमेह असलेल्यांनी कोणता इनसोल वापरावा?

स्वतःच्या मनाने कोणताही नाही. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते आणि मग ज्या टोचण्यामुळे इतर माणूस बूट काढून बघतो, ते टोचणे जाणवतच नाही. आरामाची जी कसोटी या पानावर इतरांसाठी सांगितली आहे, ती इथे निरुपयोगीच नव्हे तर धोकादायक ठरते. नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना तपासण्याची साधी चाचणी वर्षातून किमान एकदा करून घ्यावी. संवेदना शाबूत असेल आणि पायाला विकृती नसेल, तर नीट बसणारा बूट आणि साधा मऊ इनसोल चालतो. संवेदना कमी असेल किंवा पूर्वी जखम होऊन गेली असेल, तर पायाच्या साच्यावरून बनवलेला, अनेक थरांचा इनसोल आणि त्यासाठी पुरेशी खोली असलेला बूट लागतो. जखम होऊन गेलेल्या पायासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये चालताना त्या जागेवरचा कमाल दाब किमान ३० टक्क्यांनी कमी करणे किंवा २०० किलोपास्कलखाली आणणे हे उद्दिष्ट धरले आहे; ते गाठले गेले की नाही, हे बुटाच्या आत दाब मोजूनच कळते.

नवा इनसोल घातल्यावर सुरुवातीला अर्धा तास चालून पाय तपासावा. लाल डाग २० मिनिटांत गेला नाही, तर तो वापरणे थांबवावे. रोज बुटात हात घालून खडा, दुमडलेली कड, उचकटलेला थर चाचपावा. एक पाऊल अचानक सुजले, लाल झाले आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागले, तर दुखत नसले तरी त्यावर वजन न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह नसला तरी कोणत्या वेळी इनसोलऐवजी डॉक्टरांकडे जावे?

टाचेत किंवा पोटरीत अचानक ‘टक्’ असे होऊन चालता येईनासे झाले, रात्री झोपेतही वेदना होत राहिली, हाडाच्या एकाच बिंदूवर दाबल्यावर असह्य दुखले, पायाला मुंग्या येऊन बधिरपणा वाढत गेला किंवा सूज उतरेनाशी झाली, तर थांबू नये.

माप आणि कापणी कशी करावी?

आधी जुना सुखतळा काढून टाकावा. त्याच्यावरच नवा इनसोल ठेवल्याने टाच वर येते आणि बूट मागून निसटू लागतो. सुखतळा चिकटवलेला असून निघत नसेल, तर टाचेपासून चवड्यापर्यंतच येणारा पाऊण लांबीचा इनसोल घ्यावा. पूर्ण लांबीचा असेल, तर जुना सुखतळा त्यावर टाच जुळवून ठेवावा, पेनने रेघ ओढावी आणि फक्त बोटांकडून कापावे. पहिल्यांदा रेघेच्या थोडे बाहेरून कापावे, कारण कापलेले परत जोडता येत नाही. बुटात बसवल्यावर कड वर वळत असेल तर आणखी थोडे कापावे. बूट आणि इनसोल यांची जुळणी संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून पाहावी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे.

नवा इनसोल टोचतो. तो सवयीने बसेल की चुकीचा आहे?

पहिल्या दिवशी एक-दोन तास, आणि मग रोज तासाभराने वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर यावे. या काळात कमानीखाली काहीतरी असल्याची जाणीव होणे आणि पोटरी किंचित अवघडणे स्वाभाविक आहे. नेमक्या एका जागी टोचणे, फोड येणे, बधिरपणा, किंवा गुडघ्यात-कंबरेत नव्याने सुरू झालेले दुखणे हे मात्र सवयीने जात नाही. धावणाऱ्यांनी आधी चालताना इनसोल पूर्ण अंगवळणी पडू द्यावा आणि मगच त्यात धावावे.

चुंबक किंवा दाबबिंदू असलेले इनसोल अधिक गुणकारी असतात का?

टाचदुखी असलेल्या १०१ प्रौढांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरे चुंबक आणि खोटे चुंबक असलेल्या इनसोलमध्ये आठ आठवड्यांनंतर काहीही फरक आढळला नाही. दाबबिंदूंचे उंचवटे काहींना सुखद वाटतात. संवेदना कमी असलेल्या पायाखाली ते कदापि घालू नयेत.

इनसोल किती दिवस टिकतो आणि स्वच्छ कसा करावा?

रोज वापरला जाणारा फोमचा इनसोल सहा महिने ते वर्षभर चालतो. टणक पायाचा मापाचा इनसोल काही वर्षे टिकतो, फक्त वरचे आवरण मधूनच बदलावे लागते. तारखेपेक्षा स्थिती पाहावी: दाबलेला फोम उसळत नसेल, टाचेखाली कायमचा खड्डा पडला असेल किंवा जुने दुखणे परत आले असेल, तर बदलावा. रात्री तो बुटाबाहेर काढून ठेवल्यास घाम सुकतो आणि दुर्गंधी धरत नाही. फोम कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. कॉर्क आणि चामडे फक्त ओलसर कापडाने पुसावे. वॉशिंग मशीन, हीटर आणि कडक ऊन यांनी आकार बिघडतो व गोंद सुटतो.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा बुटात बाहेरचा इनसोल घालता येतो का?

विचारल्याशिवाय घालू नये. सुरक्षा बुटांची चाचणी त्यांच्यासोबत आलेल्या सुखतळ्यासह झालेली असते. स्थिर विद्युत जमिनीत उतरावी म्हणून बनवलेल्या बुटात वीज न वाहणारा फोमचा इनसोल घातला, तर तो गुणधर्मच नष्ट होतो, आणि जाड इनसोलमुळे बोटे वर उचलली जाऊन बुटाच्या टोकाशी बोटांवर असलेल्या पोलादी टोपीखालची सुरक्षित जागा कमी होते. बुटाच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले इनसोल कोणते, हे सुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत विचारून घ्यावे. अनेक उत्पादक वेगवेगळ्या उंचीच्या कमानींसाठी असे पर्याय ठेवतात.